भाद्रपदातला भात

ख्मेर भाषेत पापाला 'बाप' म्हणतात. कंबोडियात आल्यावर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात वर्गात हा शब्द फळ्यावर आला आणि मी एकटीच फिस्सकन हसले. गुरुजींनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आमच्या मराठीत हा शब्द वडिलांसाठी आहे. ते जरा विचारात पडले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "वडील फार कडक होते का?"

रात्री वसईला फोन करून बाबांना हे सांगितलं. बाबा म्हणाले, "कन्फेशनला जाशील तेव्हा सांभाळून बोल."

ही २०१४ सालची गोष्ट. आमच्या संस्थेनं मला इथं पाठवलं तेव्हा वय चाळिशीच्या आसपास होतं आणि नन होऊन पंधरा वर्षं झाली होती. भाषेची काळजी मला फारशी नव्हती. ख्मेर वर्णमाला बघितली आणि ती गेलीच. क, ख, ग, घ, ङ याच क्रमानं अक्षरं मांडलेली, तेहेतीस व्यंजनं, तीही आपल्यासारखी वर्गावर्गांत. वर्गातले कोरियन आणि इटालियन फादर घाम पुसत होते आणि मी एका संध्याकाळीत सगळं पाठ करून मोकळी. हा तोरा आठवडाभर टिकला. मग स्वर आले. एकच मात्रा एका व्यंजनाला लागली की 'आ' आणि दुसऱ्याला लागली की 'इआ'. म्हणून आपली भाषा तिथं 'फिआसा' होते. गुरू 'क्रू' होतो, आचार्य नुसता 'आचार' उरतो, आणि पुण्याचं होतं 'बॉन', ज्याचा अर्थ पुण्यही आणि सणही. आपल्याच घरातली माणसं परक्या गावात भेटावीत, आणि त्यांनी ओळख द्यावी पण बोलू नये, तसं काहीसं.

सगळ्यात जास्त फजिती जेवणानं केली. ख्मेरमध्ये कोण जेवतंय त्यावर क्रियापद ठरतं. गुरं खातात ते 'सी'. शेतावरची माणसं 'होप' करतात, घरातली 'ञाम', पाहुण्याला आदरानं म्हणायचं तर 'पिसा'. भिक्खूंसाठी वेगळा शब्द, तो मला 'छान' असा ऐकू येतो आणि त्यामुळे लगेच लक्षात राहिला. राजा आणि देव यांच्यासाठी आणखी वेगळा. पहिल्या वर्षी मुलांना शेवटच्या भोजनाची गोष्ट सांगताना मी येशूला 'सी' लावलं. प्रभूनं बैलासारखी भाकर चघळली, असं काहीसं झालं असणार. मुलं गडाबडा लोळली. मागे बसलेल्या एका आजीनं हात जोडून छताकडे बघितलं. माझ्या वतीनं क्षमा मागत असावी.

तीच ही आजी. ख्मेरमध्ये आजीला 'यिय' म्हणतात. नाव इथं लिहीत नाही. सगळं गाव तिला यियच म्हणतं, मीही. ती बौद्ध आहे, आमच्या बालवाडीच्या कुंपणाला लागून तिचं खांबांवरचं घर, आणि वर्गात ती नातवाला सोडायला येऊन तिथंच बसून राहते.

आम्ही बात्तामबांग प्रांतात राहतो. हा कंबोडियाच्या भाताचा मुलूख, पश्चिमेला थायलंडची सरहद्द. कॉन्व्हेंट म्हणण्यासारखं काही नाही, तीन खोल्यांचं घर आहे. आम्ही तिघी: एक केरळची, एक फिलिपिन्सची, एक मी. आमची सामायिक भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि त्याहून मोडकं ख्मेर. भांडण मात्र प्रत्येकजण आपापल्या भाषेत पुटपुटतो, त्यामुळे घरात शांतता आहे.

दिवस कसा जातो असं लोक विचारतात. पहाटे साडेचारला गावात कुणाचं लग्न किंवा मयत असेल तर लाउडस्पीकर उठवतो. नसेल तर कोंबडे. प्रार्थना. मग पावसाचं पाणी साठवायचे सिमेंटचे रांजण बघायचे, कारण उन्हाळ्यात तेच प्यायचं आणि त्यात डासांच्या अळ्या झाल्या की डेंग्यू. सात वाजता मुलं. बासष्ट आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचे आईबाप थायलंडमध्ये मजुरीला, बांधकामावर नाही तर उसात. त्यामुळे पालकसभेला आमच्याकडे आजी-आजोबाच येतात आणि सभा सुपारी कातरत चालते. दुपारी हिशेब. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं. इथं रिएल आणि डॉलर दोन्ही चालतात, एका डॉलरला साधारण चार हजार रिएल. डॉलरच्या नोटेला कोपऱ्यात नखाएवढी चीर असेल तर दुकानदार घेत नाही. रिएलची नोट चिंधी झाली तरी चालते. माझ्या पाकिटात कायम एक फाटका पाच डॉलर असतो, जो कुणीच घेत नाही. आता मी त्याला घरातलाच माणूस समजते.

संध्याकाळी फिरणं. हे फिरणं म्हणजे धर्मप्रचार नव्हे. घरोघर जाऊन धर्मप्रचार करायला २००७ सालापासून सरकारची मनाई आहे, आणि खरं सांगायचं तर ती मला बरी वाटते. आम्ही फिरतो ते कुणाचं औषध संपलं, कुणाची जखम चिघळली, कुणी सावकारी कंपनीकडे जमिनीचा कागद ठेवून कर्ज काढलं, हे बघायला. कोपऱ्यावरच्या काकांचा पाय सुरुंगात गेला. भात लावताना, युद्ध संपल्यावर. ते 'मेकाँग' नावाच्या तीन चाकांच्या लाकडी खुर्चीत बसून कोंबड्या सांभाळतात. या खुर्च्या जेझुइट संघाच्या फादरांच्या कार्यशाळेत, अपंगांच्याच हातांनी बनायला लागल्या. पुढचं एकच चाक लांबवर असल्यामुळे शेताच्या बांधावरही उलटत नाही. काकांच्या खुर्चीला हल्ली आरसा आणि भोंगा लागलाय.

घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "ञाम बाय हाउय नउ?" भात खाल्ला का? 'बाय' म्हणजे शिजवलेला भात. आमच्याकडे वसईत बाय म्हणजे घरातली बाई, आईसुद्धा, लाडाची लेकसुद्धा. सुरुवातीला कुणी 'बाय' म्हटलं की मी मागं वळून बघायची. खाल्लाय म्हटलं तरी ताट येतंच. भात, आंबट मासळीचा रस्सा, आणि वाटीत प्राहोक. प्राहोक म्हणजे मीठ घालून महिनोन् महिने आंबवलेली मासळी. युरोपातून आलेले पाहुणे त्या वासानं अंगणातूनच परत फिरतात. ज्या मुलीचं बालपण सुकट-बोंबलाच्या वाळवणाखाली गेलं तिला काय त्याचं! या गावात मला पहिल्यांदा मान मिळाला तो प्राहोक मागून घेतल्याबद्दल.

रविवारी शहरातून फादर येतात. चर्चलाही ख्मेरमध्ये 'विहार' हाच शब्द आहे. आमच्या विहारात बाक नाहीत, सगळे चटईवर पाय एका बाजूला मुडपून बसतात, उदबत्त्या लावतात, हात जोडून कपाळापर्यंत नेतात. चाळीसेक माणसं. बाप्तिस्मा हवा असं कुणी म्हटलं तर साधारण तीन वर्षं शिकावं लागतं. या तीन वर्षांत बरेच जण थायलंडला जातात, काहींचं लग्न होतं, काहींना कंटाळा येतो. महिन्यातून एकदा आम्ही तोन्ले साप सरोवरावर जातो, तरंगत्या गावात. हे सरोवर पावसाळ्यात पाचसहा पट पसरतं, कारण मेकाँग नदीला पूर आला की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते. गाव पाण्यामागं सरकतं. शाळा, किराणा, डुकरांचा गोठा, सगळं तराफ्यावर. तिथले कॅथलिक व्हिएतनामी वंशाचे, पिढ्यान् पिढ्या इथलेच, पण पुष्कळांकडे कुठल्याच देशाचा कागद नाही. तिथं आमचं काम म्हणजे मुलाच्या जन्माचा दाखला मिळवायला तीन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवणं. चौथ्यांदा साहेब जेवायला गेलेला असतो. कुठलं क्रियापद वापरून, ते सांगत नाही.

सुट्टीत वसईला आले की प्रश्न ठरलेला. माहेरची माणसं कौतुकानं विचारतात, बाहेरची जरा डोळे बारीक करून: आतापर्यंत कितीजणांना ख्रिस्ती केलंत? दोघांनाही उत्तर एकच. अकरा वर्षांत आमच्या गावात नऊ. माहेरच्यांचा चेहरा पडतो, बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

मला या आकड्याची लाज वाटत नाही, आणि त्याला कारण एक पोर्तुगीज साधू आहे. गास्पार द क्रूझ, डॉमिनिकन संघाचा. १५४८ साली तो गोव्याकडे निघाला, आपल्या चौलला येऊन राहिला, तिथून कोचीन, मलाक्का करत १५५५ मध्ये कंबोडियात पोचला. इथं आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी तो. वर्षभरात त्यानं एकाच माणसाला बाप्तिस्मा दिला, आणि निघताना तो माणूस थडग्यात होता. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. फुगवून सांगायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. चौलच्या रेवदंड्याकडे मी शाळेच्या सहलीला गेले होते. पडक्या भिंतींवर चढून चिंचा खाल्ल्या होत्या. त्या भिंतींतून निघालेला एक माणूस इथं येऊन हरला आणि हरलो म्हणाला, एवढ्यावरून मला तो आवडतो. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सियाही याच बाजूला आला होता. आधी व्यापारी, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर, आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर. लहानपणी त्याच्या सणाला आम्ही नवे कपडे घालायचो. पण तो शहीद, त्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं. गास्पारशी गप्पा मारता येतात.

थडग्याचा विषय निघालाच आहे. या देशात तो टाळता येत नाही. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटचे कम्युनिस्ट बंडखोर, राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरले आणि काही दिवसांत अख्खं शहर रिकामं केलं. त्याच्या तीनच दिवस आधी, १४ एप्रिलला, घाईघाईत एका ख्मेर फादरांना बिशपपदाची दीक्षा दिली गेली होती: जोसेफ छमार सालास, कंबोडियाचे पहिले ख्मेर बिशप. परदेशी मिशनरी हाकलले जाणार हे दिसत होतं, मागं कुणीतरी आपलं असावं म्हणून त्यांना फ्रान्सहून बोलावून घेतलं होतं. ते आले. न यायची कारणं त्यांच्याजवळ भरपूर होती, तरी आले. १९७७ मध्ये कोंपोंग थोम प्रांतातल्या तांग कोक इथं उपासमारीनं आणि मजुरीनं त्यांचा अंत झाला. नॉम पेन्हचं कॅथेड्रल ख्मेर रूजनी दगडन् दगड उतरवून नाहीसं केलं. १९७९ च्या जानेवारीत ती राजवट कोसळली तोवर देशातली पंधरा ते वीस लाख माणसं मेली होती. पुन्हा उघडपणे ईस्टरची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, झाली ती १९९० साली.

यियचा नवरा आणि दोन भाऊ त्या चार वर्षांत गेले. कालवा खणायला नेले होते. कुठं पुरले माहीत नाही, कुठली तारीख माहीत नाही. ती हे भात निवडत सांगते, मध्येच कोंबडीला हाकलते, पुन्हा सांगते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले आणि तिनं मला पाणी दिलं, थोडी वैतागूनच.

माझे बाबा मे २०२१ मध्ये गेले. त्या दिवसांत वसईत काय चाललं होतं ते वाचणाऱ्यांना आठवत असेल. भारतातून येणाऱ्यांना कंबोडियानं दारं बंद केली होती; गेले असते तर परत कधी येता आलं असतं कोण जाणे. न जायचा निर्णय माझा होता. तो कुणी लादला नव्हता. दफनाला पाच माणसं होती, भावानं फोन उंच धरला होता, आणि मला दिसलं ते बहुतेक आकाश आणि एका माणसाच्या पोशाखाची पांढरी बाही. मग रेंज गेली.

इथल्या दोघी सिस्टरांनी माझ्यासाठी प्रार्थना केल्या, फादरांनी मिस्सा अर्पण केली. सगळं रीतसर झालं. पण मी काही दिवस बालवाडीत मुलांचे फक्त हात धुवून देत होते, गाणी घ्यायला आवाज निघत नव्हता. यियनं चारपाच दिवस बघितलं. मग एकदा विचारलं, "तुझ्या बापाला भात कोण देणार?"

अर्थात तिनं वडिलांसाठी वापरला तो ख्मेर शब्द वेगळा. पण माझ्या कानांनी 'बाप' ऐकलं.

मी काहीतरी उत्तर दिलं, आमच्यात भात देत नाहीत, प्रार्थना करतात, नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेणबत्त्या लावतात. वसईच्या दफनभूमीत त्या संध्याकाळी किती उजेड असतो तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मेणबत्तीनं पोट भरतं?" असं काही म्हणाली नाही, तिच्या डोळ्यांत मात्र ते होतं.

ख्मेर पंचांगात 'फत्रबोत' नावाचा महिना आहे. म्हणजे भाद्रपद. त्याच्या वद्य पक्षाचे पंधरा दिवस इथं पितरांचे. आपला पितृपंधरवडा, त्याच तिथ्या. शेवटच्या दिवशी, आपल्या सर्वपित्री अमावास्येला, 'प्चुम बेन'. बेन म्हणजे पिंड. या पंधरवड्यात यमाचे दरवाजे उघडतात आणि 'प्रेत' बाहेर येतात (शब्द हाच, उच्चार जरा वाकडा). त्यांची तोंडं सुईच्या नाकाएवढी, उजेड सोसत नाही, म्हणून पहाटे चार वाजता अंधारात विहाराला प्रदक्षिणा घालत भाताचे गोळे टाकायचे. आपला माणूस कुठल्या विहारात शोधत येईल सांगता येत नाही, तेव्हा सात विहारांत जायचं. त्यानं सातही पालथे घातले आणि कुठंच घरचं कुणी दिसलं नाही, तर तो शाप देतो. मी शाळेत असताना शेजारच्या हिंदू वाड्यांत कावळ्याला घास ठेवलेले बघितले होते. बाबा म्हणायचे, त्या पंधरवड्यात कावळ्यांशी भांडू नये, ते ड्यूटीवर असतात.

२०२१ चा प्चुम बेन साथीमुळे असा-तसाच गेला. २०२२ ला तो २५ सप्टेंबरला आला. दोन दिवस आधी यिय कागद घेऊन दारात. विहारात आचार, म्हणजे विधी चालवणारा गृहस्थ, मृतांची नावं वाचतो आणि भिक्खू त्यांच्यासाठी पाठ म्हणतात. तिच्या यादीत तेरा नावं होती, चौदावी ओळ कोरी. "लिही."

मी थबकले. ते खोटं कशाला सांगू? एका ननचा बाप बौद्ध विहाराच्या यादीत. इथल्या चर्चमध्येही प्चुम बेनला मृतांसाठी मिस्सा असते, पूर्वजांचे फोटो वेदीजवळ ठेवतात, उदबत्त्या लावतात. तेवढ्यानं भागायला हवं होतं. फादरांना फोन करावा असं वाटलं आणि मग वाटलं, ते बिचारे नियम शोधत बसतील. यिय पेन पुढं करून उभी होती. तिच्या सात विहारांच्या पायपिटीत, जिथं तिला स्वतःच्या नवऱ्याला शोधायचं होतं, तिनं माझ्या बापासाठी एक ओळ राखली होती. मी लिहिलं. आमचं आडनाव पोर्तुगीज, ते ख्मेर लिपीत बसवायला तीनदा खोडावं लागलं.

रात्री साडेतीनला आम्ही निघालो. पाऊस नुकता थांबलेला, चिखल, बेडकांचा गदारोळ, बायकांच्या हातांत टोपल्या आणि मोबाईलचे उजेड. मी माझा साधा पोशाख आणि गळ्यात क्रूस घालूनच गेले, लपवायचं काय. कुणी वळूनही बघितलं नाही. प्रदक्षिणेत यियनं माझ्या हातात गोळा दिला. चिकट तांदूळ, तीळ. मी तो टाकला नाही, एका झाडाच्या मुळाशी ठेवला आणि 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं, मराठीत. पहिल्याच ओळीला पुन्हा तो शब्द. शेजारची बाई ऐकत होती. तिला वाटलं असेल, ही पापांची उजळणी करतेय.

मग आत यादी. आचार म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तेरा नावं त्यानं सराईतपणे म्हटली. चौदाव्याला अडला. पुन्हा वाचलं, अडला. शेवटी त्यानं जे म्हटलं ते आमच्या आडनावासारखं अजिबात नव्हतं, एखाद्या फ्रेंच औषधाचं नाव वाटलं. यियनं मला कोपरानं ढोसलं, आलं बरं का.

उजाडल्यावर तिनं टोपलीतून नैवेद्याचं ताट काढून भिक्खूंपुढं ठेवलं. भात, मासळी, केळीच्या पानात शिजवलेले नुम आन्सोम. आणि एका बाजूला सुक्या केळ्यांची चौकोनी चादर. बात्तामबांगकडे केळी उभी, पातळ चिरून बांबूच्या जाळीवर एकमेकांना चिकटवून उन्हात घालतात. वाळली की कागदासारखा पत्रा निघतो. कधीतरी पहिल्या वर्षी, भाषा धड येत नसताना, मी तिला हातवारे करून सांगितलं होतं की माझे वडील वसईला राजेळी केळी सोलून सुकेळी करतात. मी ते विसरूनही गेले होते.

बाबांची सुकेळी बोटाएवढी जाड, मधाच्या रंगाची, आत मऊ. हा पत्रा बघून ते पहिल्यांदा म्हणाले असते, "हे काय, पापड?" मग एक तुकडा मोडून तोंडात टाकला असता, आणि किती ऊन देतात, जाळीवर उलटतात कधी, जात कुठली, हे सगळं विचारून घेतलं असतं.

यिय विचारत होती, "आवडेल ना त्यांना?" मी म्हटलं, आवडेल. पण थोडी जाड हवीत.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेतली. अजून सहा विहार बाकी होते.